थंडीची सुट्टी, दोन पोरं आणि तिसऱ्याच दिवशी विमान झालेलं टाईमटेबल

मोज्यांची_जोडी

कृपया हसू नका. सुट्टी लागायच्या आधी मी चार्टपेपरवर रंगीत स्केचपेननी टाईमटेबल केलं होतं. नऊ ते साडेनऊ चित्रकला, साडेनऊ ते सव्वादहा हस्तकला, मग वाचन, मग 'मोकळा खेळ' (हो, मोकळ्या खेळालासुद्धा मी वेळ ठरवून दिली होती). आज तिसरा दिवस आणि सकाळी उठून बघते तर धाकट्याने त्या चार्टचं विमान केलेलं. तीन दिवसांत झालेली हस्तकला म्हणजे तेवढीच.

मोठी ९ वर्षांची, धाकटा ५. सुट्टीचे अजून अकरा दिवस आहेत. मी घरून काम करते, नवरा ऑफिसला जातो. उन्हाळ्यात बरं असतं हो, दिवस मोठा, पोरं बाहेर हुंदडतात, दमून झोपतात. आता सकाळी बाहेर थंडी म्हणून नको आणि संध्याकाळी जरा बाहेर काढावं तर अंधार. दर वीस मिनिटांनी "आई मी आता काय करू?" शेवटी टॅब देते, मग दोन तासांनी काढून घेताना रडारड, मग मी ओरडते, मग मलाच रात्री वाईट वाटतं.

काहीतरी सुचवा. अटी दोन: एक म्हणजे फार सामान आणायला लागू नये, आणि दुसरं म्हणजे मला सतत शेजारी बसायला लागू नये.

भिंतीवरची_पाल

विमान उडालं का ते आधी सांगा.

मोज्यांची_जोडी

नाही उडालं. नाक जड झालं, थेट माझ्या चहात :(

निवांत_बाबा

ताई, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडलेत म्हणजे ती शाळाच झाली की, नुसती घंटा तेवढी नाही. पोरांना रंगायला वेळ लागतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसती चाळवाचाळव, हे उचल ते टाक, भांडण, आणि मग कुठे गाडी रुळावर येते, आणि नेमकं तेव्हा आपण म्हणतो चला आता वाचनाची वेळ झाली. मी पण हे केलंय म्हणून सांगतो. आमच्याकडे आता दिवसाला फक्त तीन खुंट्या: सकाळी एकदा बाहेर, दुपारी एक शांत वेळ, संध्याकाळी एक सगळ्यांनी मिळून काहीतरी. मधलं सगळं त्यांचं.

दोन_अधिक_एक

भराभरा लिहिते, तिसरं झोपलंय तोवर.
चादरी आणि खुर्च्यांचा तंबू. आत उशा आणि एक बॅटरी. हा एकटा तंबू तीन दिवस जातो, माझा शब्द.
धुतलेल्या मोज्यांचा ढीग द्यायचा, जोड्या लावायच्या, मग गुंडाळून गोळे करून बादलीत नेम मारायचा. घरकाम पण होतं.
फरशीवर चिकटपट्टी लावून रस्ते, त्यावर गाड्या. पट्टी कागदाची घ्या, दुसरी काढताना डाग राहतात.
डोंगर का पाणी घरात पण खेळता येतं, गादी म्हणजे डोंगर आणि फरशी म्हणजे पाणी. फक्त खाली कोण राहतं ते बघून.
भिंतीवर सावल्यांचं नाटक, अंधार लवकर पडतो त्याचा फायदाच घ्या ना. बॅटरी जवळ आणली की सावली मोठी, लांब नेली की लहान, हे पोरांना सांगू नका, त्यांचं त्यांना सापडू दे. उठलं. नंतर येते.

दगडधोंडा

मला एक कळत नाही, पोरांना सारखं रमवत ठेवायला आपण काय सर्कस काढलीये का? कंटाळा आला तर येऊ द्या की. कंटाळ्यातूनच डोकं चालतं. आमच्या लहानपणी आईला विचारलं 'काय करू' तर ती म्हणायची फरशी पूस. परत कधी विचारलं नाही :)

कोपऱ्यातली_खुर्ची

@दगडधोंडा तत्त्व मान्य आहे हो पण तेव्हा घरात चार मोठी माणसं आणि आजूबाजूला दहा पोरं असायची. मी एकटा बाप आहे, मुलगा ६ वर्षांचा, भावंड नाही. मी कॉलवर असताना त्याला कंटाळा येतो तेव्हा डोकं चालतं हे खरं, पण ते कुठे चालतं ते ऐका: गेल्या आठवड्यात माझ्या दाढीचा फेस आरशावर, नळावर आणि मांजरावर. मांजराला धुवायला पाऊण तास गेला.

एकट्या पोराला 'जा खेळ' म्हटलं की तो जात नाही, तो चिकटतो. उलट मी आधी वीस मिनिटं पूर्ण त्याच्याबरोबर बसलो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, तर मग तो तासभर सोडतो मला. हे मला फार उशिरा कळलं. आधी मी तासभर अर्धवट बसायचो, एक डोळा लॅपटॉपवर. त्याने दोघांचंही भागत नव्हतं.

शाळेतली_घंटा

+१ कोपऱ्यातली_खुर्ची. मी शिकवते, पहिली-दुसरी. वर्गात पण हेच होतं, सुरुवात करून दिली की मुलं पुढे नेतात, पण पांढरा कागद हातात देऊन 'काहीही काढ' म्हटलं की अर्धी मुलं माझ्याकडे बघत बसतात. त्याऐवजी कागदावर मी एक वाकडी रेघ मारून देते, आता याचं काहीतरी कर. लगेच सुरू.

टॅबबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी सांगितलंय की २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर बसून स्क्रीन नको, कमी तितकं बरं. तुमचा धाकटा त्यातून नुकताच बाहेर पडला. त्याच्या पुढच्या वयाला त्यांनी स्क्रीनचा असा तासांचा आकडा दिला नाही, पण ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं चांगलं दम लागेल असं हलणं हवं म्हणतात. मी पालकांना सांगते की मिनिटं मोजायची तर ती मोजा. तासभर पळून झालं असेल, झोप पुरी झाली असेल, तर मग अर्धा तास कार्टून बघितल्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आणि टॅब काढून घेताना रडारड होते कारण मधेच काढतो आपण. एक भाग संपला की बंद, हे आधी ठरवून. घड्याळाने बंद करायला गेलात की गोष्ट नेमकी रंगात असते. (मोठ्या माणसाच्या हातून मॅचच्या शेवटच्या ओव्हरला रिमोट काढून बघा.)

खिडकीतलं_ऊन

थंडीच्या सुट्टीचं स्वतःचं असं एक खेळणं आहे आणि ते फुकट आहे, म्हणून लिहितो. उत्तर गोलार्धात असाल आणि दक्षिणेकडे खिडकी असेल तर या दिवसांत सूर्य खाली असतो त्यामुळे उन्हाचा पट्टा खोलीत खूप आतपर्यंत येतो. पोरांना कागदी चिकटपट्टी द्या, दर तासाला पट्ट्याच्या कडेला एक तुकडा लावायचा आणि त्यावर वेळ लिहायची. संध्याकाळपर्यंत फरशीवर घड्याळ तयार. माझी मुलगी ८ वर्षांची, ती मधल्या वेळात दुसरं काही करत असली तरी तासाला धावत येते, आणि 'काय करू' चा प्रश्न त्या दिवसापुरता तरी मिटतो.

खरी गंमत पुढे. २१-२२ डिसेंबरला सगळ्यात छोटा दिवस, हे शाळेत असतंच. मग मुलीचा हिशोब असा की २३ पासून पट्टा सरसर मागे सरकायला पाहिजे. रोज दुपारी बाराला खूण केली. आठवडा झाला तरी लांबी जवळपास तेवढीच! चिडली, म्हणे पुस्तक चुकलं. पुस्तक नाही चुकलं, त्या दिवसांत सूर्याची उंची इतकी हळू बदलते की घरातल्या पट्टीला कळतच नाही. जानेवारीच्या मध्याला कुठे फरक दिसला. आणि सकाळीही तसंच, दिवस मोठा व्हायला लागला तरी बऱ्याच ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत सूर्य आणखी उशिराच उगवत राहतो, वाढ सगळी संध्याकाळच्या बाजूला होते.

आणि तिला विचारलं थंडी का पडते तर म्हणाली आपण सूर्यापासून लांब जातो म्हणून. मला पण लहानपणी तेच वाटायचं. प्रत्यक्षात जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, जुलैपेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटर जवळ. थंडी आहे ती आस साडेतेवीस अंश कलल्यामुळे. हे ऐकून तिने आजोबांना फोन करून पैज लावली आणि जिंकली, तो दिवस त्यातच गेला.

उलटा_गोलार्ध

आम्ही दक्षिण गोलार्धात, आमची हिवाळी सुट्टी जुलैत, त्यामुळे हा धागा मी सहा महिन्यांसाठी जपून ठेवतेय :) पट्ट्यासाठी आम्हाला उत्तरेची खिडकी लागेल एवढंच.

अंधार लवकर पडतो त्याबद्दल रडू नका हो. उन्हाळ्यात तारे दिसेपर्यंत पोरं झोपायची वेळ होते, हिवाळ्यात जेवायच्या आधी आकाश तयार. तुमच्याकडे डिसेंबरात रात्री पूर्वेला मृग नक्षत्र वर येतं, ओळीतले तीन तारे कोणालाही सापडतात, त्या रेघेत एका बाजूला खाली जा, व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, दुसऱ्या बाजूला वर गेलं की रोहिणी आणि मग कृत्तिकांचा झुबका. कृत्तिकांमध्ये किती दिसतात मोजायची स्पर्धा लावा, साधारण सहा दिसतात, धाकटा अकरा सांगेल. आमच्याकडे जुलैत मृग नसतोच संध्याकाळी, आमच्या डोक्यावर वृश्चिक असतो, आकडा टाकून बसलेला. स्वेटर घाला, पंधरा मिनिटं गच्चीत किंवा अंगणात, बास.

बेरीज_वजाबाकी

९ वर्षांच्या मुलीसाठी, कागद पेन्सिल पुरते. कोणतेही चार अंक घ्यायचे, सगळे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, छोट्यात छोटी करा, वजाबाकी. जे उत्तर येईल त्याचं परत तेच. उदा. ३५२४ घेतले: ५४३२ वजा २३४५ = ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ = ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ = ६१७४. आता ६१७४ चं करा: ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येता. द. रा. कापरेकरांनी १९४९ साली शोधलेलं, शाळेत शिकवणारे गृहस्थ, आकड्यांशी खेळायची हौस. उत्तर तीन आकडी आलं तर पुढे शून्य धरायला विसरू नका, नाहीतर गाडी घसरते.

माझ्या मुलाला मी 'वजाबाकीचा सराव कर' म्हटलं असतं तर त्याने दहा गणितांना दोन दिवस घेतले असते. 'सात पायऱ्या लागणारी संख्या शोधून दाखव' म्हटल्यावर स्वतःहून सत्तर वजाबाक्या केल्या. अजून सुगावा नाही की ती वजाबाकी होती.

दुसरं, कागदाला अर्ध्यात घड्या घालायच्या, किती होतात. सहा-सातला अडकतं कारण सातव्या घडीला १२८ थर होतात. २००२ साली एका शाळकरी मुलीने एक किलोमीटरहून लांब टिश्यू कागद घेऊन १२ घड्या घातल्या. हे घरी सांगू नका मात्र, आमच्याकडे अख्खा रोल उलगडला गेलाय.

आजीचा_चष्मा

मी इथे नुसती वाचते, आज लिहितेय, टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे मुलांना रोज नवीन काय द्यायचं ते सांगताय. रोज नवीन कुठून आणणार बाई, आई दमेल की. माझं म्हणणं वेगळं आहे. मुलांना काम पुरं करू देऊ नका.

मी विणकाम करते पन्नास वर्षं. ओळ कधी संपवून ठेवत नाही, मधे सोडते. दुसऱ्या दिवशी विचार करावा लागत नाही, हात आपोआप तिथेच जातो. ओळ संपवून, लोकर गुंडाळून, पिशवीत घालून ठेवली की मग आठ आठ दिवस पिशवीला हात लागत नाही. नातवंडांचंही तसंच आहे. त्यांनी पुठ्ठ्याचं गाव मांडलं, संध्याकाळ झाली की सून म्हणते आवरा. सगळं खोक्यात. सकाळी उठून 'आजी काय करू'. मी सुनेला म्हटलं अगं एक कोपरा सोड. गाव तसंच राहू दे, एक रस्ता अर्धा, एका घराला छप्पर नाही. सकाळी तोंड धुवायच्या आधी दोघं जाऊन बसतात छप्पर करायला. झोपताना पण विचारते मी, उद्या काय करायचं राहिलंय रे? मग अंथरुणात त्यांचे बेत चालतात.

दहा दिवस झाले, एकच गाव चाललंय. कालपासून त्यात पूर आलाय.

निवांत_बाबा

आजी तुम्ही इतके दिवस नुसत्या वाचत का होता??

मोज्यांची_जोडी

आजी, वाचून गप्पच झाले. मी रोज संध्याकाळी सगळं आवरून घेते, मला पसारा बघितला की डोकं दुखतं. आणि जागेचा पण प्रश्न आहे, आमचं जेवायचं टेबल तेच माझं ऑफिस तेच. कोपरा कुठून आणू?

दोन_अधिक_एक

जुना पुठ्ठा किंवा ड्रॉइंग बोर्ड घे गं, सगळं त्याच्यावर मांडायचं आणि रात्री बोर्ड सकट पलंगाखाली सरकवायचं. मोडत नाही, दिसत पण नाही. मी जिगसॉचं तसंच करते. बाकी खेळणी अर्धी गायब करून टाक माळ्यावर, आठवड्याने अदलाबदल. जास्त दिसली की कशाशीच खेळत नाहीत.

दगडधोंडा

हे आजींचं पटलं. माझ्या कंटाळ्याच्या सिद्धांताला हे जोडून घेतो.

बेरीज_वजाबाकी

अर्धवट ठेवण्यावरून आठवलं, तुरटीचे खडे वाढवा. गरम पाण्यात (ते काम मोठ्यांनी करायचं) तुरटी विरघळेनाशी होईपर्यंत घालायची, गाळून काचेच्या भांड्यात ठेवायची, वर कागद झाकायचा. दुसऱ्या दिवशी तळाला छोटे खडे येतात, त्यातला एक बरा बघून दोऱ्याला बांधून परत त्याच पाण्यात मधोमध लोंबकळत सोडायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही. मग हात लावायचा नाही, हलवायचं नाही, रोज नुसतं बघायचं आणि चित्र काढून ठेवायचं. आठवड्याभरात आठ पैलूंचा खडा होतो, दोन पिरॅमिड बुडाशी चिकटवल्यासारखा. शेजारच्या भांड्यात मीठ करा, त्याचे चौकोनी ठोकळे होतात. असं का, हा प्रश्न पोरंच विचारतात. घाईने थंड केलं तर बारीक चुरा होतो, सावकाश झालं तर मोठा. चाखून बघू नका म्हणून बजावा.

शाळेतली_घंटा

एक काळजीचं लिहून ठेवते, घरात पसारा वाढला की हे वाढतं. बटणासारखे छोटे सेल असतात ना, खेळण्यात, रिमोटमध्ये, मिणमिणत्या दिव्यांच्या माळेत, ते गिळले गेले तर दोन तासांत अन्ननलिकेला भाजू शकतं, वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना. छोटे जोराचे लोहचुंबक पण तसेच. आणि घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर मोठ्यांचे मणी, फुगे त्याच्या हाताला लागतील असे नकोत. हे मोठ्या भावंडांनाच 'तू रखवालदार' म्हणून सांगितलं तर छान पाळतात.

कोपऱ्यातली_खुर्ची

दाढीचा फेस पण वर ठेवा.

मोज्यांची_जोडी

सहा दिवसांनी परत आलेय, धागा वर काढते.

काय चाललं काय नाही ते सांगते. खिडकीतला पट्टा: आमची खिडकी पूर्वेची निघाली, दहा वाजता ऊन गायब, पोरगी म्हणाली सूर्याची पण अर्ध्या दिवसाची शाळा आहे. तारे: पहिल्या दिवशी ढग, दुसऱ्या दिवशी दिसले, धाकट्याने कृत्तिका अकरा नाही सतरा मोजल्या. ६१७४ ने मोठीला वेड लावलंय, नवऱ्याला पण, काल रात्री तो ऑफिसच्या वहीत वजाबाक्या करत होता. तुरटी पहिल्यांदा फसली कारण धाकटा दर तासाला दोरा वर काढून 'वाढला का' बघत होता. दुसरा खडा आता नखाएवढा झालाय, भांडं फ्रीजच्या डोक्यावर आहे आणि तो स्टूलावर चढून लांबूनच बघतो.

पण खरं काम आजींनी केलं. दिवाणखान्यात चादरींचा तंबू घातलाय, तो दुसऱ्या दिवशी दवाखाना झाला, मग बोट, आता ते जहाज आहे आणि त्याला पोस्ट ऑफिस आहे. मोठी पत्रं लिहिते, धाकटा शिक्के मारतो. मला पण पत्र येतं, दाराखालून, 'आई कॉल संपला का हो / नाही खूण कर'. मी खूण करून परत सरकवते. सकाळी अर्धा तास मी पण जहाजात बसते, फोन बाहेर ठेवून, मग नऊला कामाला. पहिले दोन दिवस तो पसारा बघून मला खरंच झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मीच पाय न लागता ओलांडून जायला शिकले.

टॅब अजून आहे, संध्याकाळी एक भाग. दोनदा रडारड झाली, एकदा तर जोरात. भांडणं पण आहेत, पोस्टमन कोण यावरून रोज.

आता नवीन अडचण. त्या तंबूत घरातल्या तिन्ही जाड चादरी आहेत आणि थंडी वाढलीये. धाकटा म्हणतो शाळा सुरू झाली तरी जहाज मोडायचं नाही. आम्ही दोघं पातळ चादरीत झोपतोय. जहाज न मोडता चादर कशी काढायची?

आजीचा_चष्मा

पत्र लिही.

भिंतीवरची_पाल

आणि शिक्का मारून घ्या, नाहीतर पोचायचं नाही.